थुनेर कोकणात लावावं का?

प्रश्न : आमचं गुहागर तालुक्यात समुद्रालगत नारळ-पोफळीचं आगर आहे आणि वर डोंगरात हापूस, काजू. आईच्या कॅन्सरच्या उपचारात पॅक्लिटॅक्सेल दिलं गेलं, आता ती बरी आहे. हे औषध ज्या जातीच्या झाडांपासून मिळालं त्यातलंच एक, थुनेर म्हणजे हिमालयन यू, नामशेष व्हायला आलं आहे असं वाचलं. एका कृषी प्रदर्शनात त्याची रोपं विकायला होती. विक्रेता म्हणाला, कोकणात छान येतं, पाला आम्हीच परत घेऊ. झाड वाचवायला आपलाही हातभार लागावा म्हणून लावायची इच्छा आहे. लावू का? आणि पाल्याचा काढा आईला दिला तर चालेल का?

उत्तर :

आई सावरल्या हे वाचून फार बरं वाटलं. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत तातडीचा, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

पाल्याचा काढा आईंना देऊ नका. चमचाभरही नाही आणि महिन्यातून एकदाही नाही. या झाडाचा पाला, बी, कोवळी फांदी, सगळं विषारी आहे. त्यातली टॅक्सिन नावाची अल्कलॉइडं हृदयाच्या ठोक्यांवरच परिणाम करतात. चक्कर येते, उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके चुकायला लागतात, आणि या विषावर खात्रीचा उतारा नाही. युरोपातल्या यूचा पाला खाऊन गुरं आणि घोडे दगावल्याच्या हकिकती खूप जुन्या आहेत. फळाचा लालबुंद गर तेवढा निर्विष असतो, तो पक्षी खातात. पण त्याच्या आतली बी चावली गेली तर तीही घातकच.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ही दुसरी गोष्ट. म्हणून तर इस्पितळात ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळून शिरेतून देतात, आणि त्याआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून वेगळी औषधं देतात. आईंच्या वेळी तुम्ही हे पाहिलं असेल. काढा उकळला तर औषध त्यात उतरत नाही, विष मात्र उतरतं. हिमाचलच्या वरच्या भागात याची साल चहात घालायची जुनी रीत आहे, तिचा दाखला देऊन लोक पाला विकतात. कॅन्सरच्या उपचारांतून नुकत्याच बाहेर आलेल्या शरीरावर असला प्रयोग करायचा नाही. आईंना काहीही द्यायचं असेल, अगदी गुळवेलसुद्धा, तर त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच द्या.

आता लागवड. कोकणात थुनेर येत नाही. विक्रेत्याने तुम्हाला चुकीचं सांगितलं आहे, आणि का ते नीट समजून घ्या, कारण असली रोपं दर हंगामात कुठल्या ना कुठल्या नावाने येतच असतात.

थुनेर हिमालयात साधारण 1,500 ते 3,300 मीटर उंचीवर वाढतं. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई 1,646 मीटरवर संपतं, आंबोली तर जेमतेम 700 मीटर. पण नुसता उंचीचा आकडा धरून बसू नका, खरी गोष्ट थंडीची आहे. या झाडाला वर्षातले काही महिने कडाक्याची थंडी लागते, त्या काळात त्याच्या कळ्या विश्रांती घेतात आणि वसंतात फुटतात. बियाला तर आधी उबेचा आणि मग गारठ्याचा असा लांबलचक काळ लागतो, रुजायला दीड-दोन वर्षं जातात. आपल्याकडे पौषातल्या पहाटेही अंगावर चादर पुरते. मे महिन्याच्या रात्री तर अशा उकाड्याच्या असतात की थंड प्रदेशातलं झाड दिवसभर उन्हात जे अन्न तयार करतं, ते रात्रभरात श्वसनातच खर्ची घालतं. वाढीसाठी काही उरत नाही.

शिवाय पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. कातळावर जिथे मातीचा थर वीतभर, तिथे ते साचून राहतं. थुनेरला ओलावा आवडतो, पण मुळाशी उभं पाणी अजिबात सोसत नाही, मुळं कुजतात. हिमालयातही मोसमी पाऊस आहे, पण तिथे उतारावरच्या पानकुजीच्या जाड थरातून तो झिरपून जातो. आपल्याकडे पाणी ओसरतं न ओसरतं तोच ऑक्टोबरचं ऊन, पुढे जूनपर्यंत कोरडं, आणि तुमच्या आगरात त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. थंड हवेच्या रोपवाटिकेतून आणलेली, थुनेरसारखीच सूचीपर्णी रोपं मी किनाऱ्यावर पाहिली आहेत. अंगात साठवलेल्या बळावर ती पहिलं वर्ष हिरवी दिसतात, तेवढ्यावर विकणाऱ्याचं काम होऊन जातं. दुसरा पावसाळा त्यांना झेपत नाही.

“मग आपल्या किनाऱ्यावर सुरूची बनं कशी?” असं मला हमखास विचारतात. सुरू हे सूचीपर्णी झाड नव्हेच. ते फुलणाऱ्या झाडांच्या कुळातलं, मूळ ऑस्ट्रेलियाकडचं. ज्याला आपण त्याची सुई समजतो ती बारीक फांदी असते, पानं म्हणजे तिच्या पेरापेरावरचे इवलेसे खवले. बंगल्यांपुढे दिसणारा ख्रिसमस ट्री मात्र खरा सूचीपर्णी आहे. आपल्याकडे त्या नावाने बहुधा दोन अरोकेरिया मिळतात, एक नॉरफोक बेटावरचा आणि एक न्यू कॅलेडोनियाचा. दोन्ही मुळातच समुद्रकाठच्या उबदार बेटांवरचे, म्हणून इथे जगतात. त्यातला नॉरफोकचा स्वतःच्या बेटावर धोक्यात आहे. जगभर लाखो कुंड्यांत तो वाढतो, तरी धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून त्याची नोंद आहे. कुंड्या वाढल्या म्हणून बेटावरचं रान परत आलं नाही. तुमच्या हेतूबद्दल मला जे सांगायचं आहे ते हेच. झाड त्याच्या मुलखाबाहेर लावल्याने त्या मुलखातलं रान वाचत नाही.

आपल्या सह्याद्रीत, म्हणजे महाराष्ट्राच्या घाटात, तर निसर्गतः एकही सूचीपर्णी झाड नाही. अख्ख्या दक्षिण भारतात ते एकच, नागेइया वॉलिचियाना, आणि तेही खाली निलगिरी, पेरियार, अगस्त्यमलाईच्या बाजूला.

थुनेरवर संकट कसं आलं तेही तुम्हाला माहीत हवं. गढवालात याला थुनेर म्हणतात, हिमाचलात राखल, काश्मीरकडे बिरमी. देवदार, फर, बांज यांच्या सावलीत वाढणारं, कमालीच्या सावकाश वाढणारं झाड. नर झाड वेगळं, मादी वेगळं. म्हणजे रानातली झाडं विरळ झाली, नर इथे आणि मादी दोन ओहोळांपलीकडे अशी गत झाली, की उरलेल्या झाडांना बीही कमी धरतं. जी बी पडते तिच्यातली बरीचशी उंदीर फस्त करतात, रुजलेलं रोप चराईत तुडवलं जातं. पिकलेलं लाकूड चिवट आणि टिकाऊ, त्यामुळे घराला, अवजाराला त्याची तोड पूर्वीपासून होतीच.

मग औषध आलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅसिफिक यूची साल 1962 मध्ये तपासणीसाठी गोळा केली गेली. तिच्यातून पॅक्लिटॅक्सेल वेगळं करून त्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्मनलिकांचा जो सांगाडा उभा राहतो तो हे औषध मोडू देत नाही आणि पेशीचं विभाजन अडतं, हे सुझन हॉरविट्झ यांनी 1979 मध्ये दाखवलं. 1992 च्या अखेरीला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. तोवर सगळी भिस्त सालीवर होती आणि सालीत औषध अगदी नाममात्र. एक किलो औषधाला सुमारे 10 टन साल, म्हणजे दोन-तीन हजार झाडं. चारी बाजूंनी साल सोलली की पानांतलं अन्न मुळांकडे जाणारी वाट तुटते, झाड उभ्या उभ्या मरतं.

पुढे युरोपीय यूच्या पाल्यात औषधाचा कच्चा सांगाडा सापडला. फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांच्या कामामुळे त्यापासून औषध तयार करता येऊ लागलं. सालीसाठी झाड मारण्याची गरज उरली नाही, पण आता सगळ्यांची नजर पाल्याकडे वळली. हिमालयात 1990 च्या दशकात राखलचा पाला आणि साल पोत्यांनी उतरली. आपल्याकडे भाजावळीसाठी ऐन-किंजळाची कवळ तोडतात, ती झाडं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरतात. थुनेरही जुन्या लाकडातून फुटतं, पण त्याला सावरायला कित्येक वर्षं लागतात आणि तोडणारा तेवढा थांबत नाही. भारत आणि नेपाळमधल्या काही भागांत 90 टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं नोंदवलं गेलं. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत हिमालयातल्या दोन्ही जाती, पश्चिमेकडची टॅक्सस कंटॉर्टा आणि पूर्वेपर्यंत पसरलेली टॅक्सस वॉलिचियाना, ‘संकटग्रस्त’ ठरल्या. त्याआधी 1995 पासूनच वॉलिचियानाचा परदेशी व्यापार साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टाखाली आहे, आणि रानातून काढलेल्या मालाच्या निर्यातीला भारताची बंदी आहे.

आईंना दिलेल्या औषधासाठी हिमालयातलं झाड गेलं असेल ही रुखरुख मनात असेल, तर हेही सांगतो. आज हे औषध प्रामुख्याने लागवड केलेल्या यूच्या पाल्यापासून किंवा कारखान्यात टाक्यांमध्ये वाढवलेल्या यूच्या पेशींपासून तयार होतं. औषध घेतल्याचं ओझं मनावर घेऊ नका. विक्रेत्याच्या ‘पाला परत घेऊ’ या शब्दाचाही उलगडा यातच होतो. ज्या कारखान्याला पाला लागतो त्याच्याकडे शेकडो एकरांची थंड हवेतली लागवड असते. गुहागरच्या दोन गुंठ्यांवरच्या पाल्यासाठी त्याची गाडी येणार नाही. असा शब्द देणाऱ्याकडून दर, वजन, मुदत आणि खरेदीदाराचं नाव मुद्रांकावर लिहून मागा. तिथेच बोलणं थांबेल.

आता तुमच्या हेतूचं काय करायचं ते बोलू, कारण तो मला फार मोलाचा वाटतो.

पॅक्लिटॅक्सेल शोधणारे दोन शास्त्रज्ञ म्हणजे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी 1925 साली आपल्या नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी हे काम केलं. याच जोडीने त्याआधी, 1966 मध्ये, कॅन्सरवर चालणारं आणखी एक द्रव्य एका चिनी झाडातून शोधलं होतं, कॅम्प्टोथेसिन. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही आजची औषधं त्यावरूनच तयार झाली. आणि 1972 मध्ये भारतीय संशोधकांना तेच कॅम्प्टोथेसिन भरपूर प्रमाणात सापडलं ते आपल्या सह्याद्रीतल्या एका लहानशा झाडात. ते म्हणजे नरक्या, काही जण अमृता म्हणतात.

पुढे नरक्याचं तेच झालं जे थुनेरचं झालं. इथे तर औषध लाकडात आणि मुळांत असल्यामुळे झाड मुळासकट उपटलं गेलं. घाटातून नरक्याची लाकडं आणि त्यांचे तुकडे भरून चोरट्या गाड्या गेल्या, वनखात्याने वेळोवेळी पकडल्याही. थुनेरबद्दल वाचून हळहळणाऱ्या कोकणातल्या कितीतरी जणांना आपल्याच डोंगरावरचं नरक्या ओळखता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ओळखायला ते अवघड नाही. फार उंच होत नाही, साल करडी, गळून गेलेल्या पानांचे वण फांदीवर ठळक दिसतात. पावसाळ्यात फिकट बारीक फुलांचे गुच्छ येतात आणि त्यांचा उग्र दुर्गंध लांबूनच नाकात शिरतो. पावसाळा सरल्यावर जांभळट लांबुळकी फळं पिकतात. घाटमाथ्याच्या आणि उताराच्या सदाहरित, निमसदाहरित रानात ते असतं, आणि कोकणातल्या काही देवरायांतही टिकून आहे.

तेव्हा तुमचा पैसा आणि कष्ट इथे घाला. समुद्रालगतचं आगर नरक्याचं नव्हे, कातळही नव्हे. पण आगर आणि कातळ यांच्या मधे तुमचा उतार असेलच, आणि बहुतेक एखादा पऱ्याही. पऱ्याच्या दोन्ही अंगांना जिथे माती खोल आहे, आधीची झाडी आहे, दुपारची सावली आहे, ती त्याची जागा. रोप रानातून उपटून आणू नका, तो गुन्हाही आहे आणि असं रोप सहसा जगतही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, तिथे आणि वनखात्याच्या रोपवाटिकांत चौकशी करा. पहिली दोन उन्हाळी झाप उभारून सावली करा, बुंध्याभोवती पातेऱ्याचा जाड थर ठेवा, पाणी बेताने द्या.

आगरात पोफळीच्या सावलीला सीता अशोक लावा. तो तिथे सुखाने वाढतो. अशोकारिष्टासाठी त्याच्या सालीला इतकी मागणी आहे की रानातली झाडं सोलून काढली गेली, लाल यादीत तोही ‘असुरक्षित’ आहे, आणि बाजारात त्याच्या सालीच्या नावावर रस्त्याकडेच्या उंच सरळ खोट्या अशोकाची साल खपते. त्याच्या शेंगा पावसाळ्याच्या सुमारास पिकतात. बी साठवून ठेवू नका, ताजं असतानाच पिशवीत टोचा.

रोपं लावण्याहून मोठी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदी थोडी, बहुतेक रान खासगी मालकीचं. म्हणजे डोंगर राहणार की जाणार हे वनखातं नव्हे, तुमच्या-माझ्यासारखी घरं ठरवतात. दर काही वर्षांनी ठेकेदार येतो, जळाऊ लाकडासाठी अख्ख्या डोंगराचा एकरकमी सौदा करतो, आणि भावकीत वाटण्या झालेल्या असल्या की कोणी नाही म्हणत नाही. काजूसाठी यंत्राने उतार सपाट करतात तेव्हा पऱ्याकाठची राईसुद्धा सोडत नाहीत. तुमच्या सातबाऱ्यावरचा तेवढा पट्टा तोडीला द्यायचा नाही एवढं भावकीत ठरवून घ्या. फाल्गुनात वणव्याआधी त्याच्या वरच्या अंगाला गवत कापून जाळरेषा काढा. त्या पट्ट्यात आज नरक्या नसेल, पण उंबळीचा वेल असू शकेल. उघड्या बीजाच्या, म्हणजे सूचीपर्णींच्याच मोठ्या गटातला आपल्या रानातला तो रहिवासी. गावात जैवविविधता कायद्याखालची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायतीत जाऊन ती उघडून पाहा, आणि नरक्या, सीता अशोक, उंबळी यांच्या नोंदी जागेसकट करून घ्या. तोड अडवायची वेळ आली की हाच कागद उपयोगी पडतो.

हिमालयातल्या थुनेरसाठी इथून करता येण्यासारखंही थोडं आहे. तालीसादि चूर्ण आपल्या घरोघरी खोकल्याला असतं. त्यातलं तालीसपत्र भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाप्रमाणे फरचं, ॲबिस वेबियानाचं पान आहे. पण बाजारात त्या नावाखाली थुनेरचा पालाही येतो. म्हणजे खोकल्याच्या चूर्णात विषारी पाला आणि रानात संकटग्रस्त झाडाची तोड, दोन्ही एकाच पुडीत. तुमच्या वैद्यांना सांगा की सुटं तालीसपत्र घेताना पान उलटून पाहावं. फरच्या पानाचं टोक खाचेचं असतं, खालच्या बाजूला दोन पांढरट पट्टे असतात आणि चुरडलं की राळेचा वास येतो. थुनेरचं पान टोकदार, खालून फिकट पिवळसर हिरवं, राळेचा वास नसलेलं. वैद्यांनी दुकानदाराला माल परत केला की ती मागणी वरपर्यंत पोचते. चारधामला किंवा ट्रेकिंगला गेलात तर वाटेत ‘कॅन्सरची साल’ म्हणून विकायला ठेवलेलं काही घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. हिमाचलात तीर्थन खोऱ्याच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, तिथे जुनी झाडं पाहायला मिळतात. तिथल्याच गावातल्या घरी राहा, तिथलाच वाटाड्या घ्या. उभ्या झाडामुळे गावाला चार पैसे मिळाले तर सोलणाऱ्याला गावच अडवतं. लागवडीचं काम करणाऱ्या संस्था तिकडे आहेतच, सिमल्याची हिमालयन वन संशोधन संस्था आणि अल्मोड्याजवळ कोसी-कटारमलची गोविंद बल्लभ पंत संस्था. बियाची वाट न पाहता फांदीच्या छाटाला मुळं फोडून रोपं करण्याचं काम तिकडे झालं आहे. अशी रोपं त्याच डोंगरात, त्याच सावलीत लावली जातात, म्हणून त्यांना अर्थ आहे.

रोप आधीच विकत घेतलं असेल तर ते नेमकं कशाचं आहे ते पाहून घ्या. उष्ण भागातल्या रोपवाटिकांत पोडोकार्पस नावाचं शोभेचं झाड बऱ्याचदा यू म्हणून विकलं जातं. थुनेरचं पान दोन-तीन सेंटिमीटरचं, मऊ, चपटं, फांदीच्या दोन्ही बाजूंना ओळीत बसलेलं. पोडोकार्पसचं त्याहून बरंच लांब आणि जाड. पोडोकार्पस निघालं तर कुंपणाला लावा, कोकणात ते चांगलं येतं, फक्त त्याची फळं-बिया मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. थुनेरच निघालं तर जमिनीत लावू नका, कुंडीत सावलीला ठेवा, शेळ्या-गुरांच्या तोंडापासून लांब, आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. ते थंड हवेत कुठे सोपवता येईल ते मी बघतो.